दोरीवरची पुस्तकं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात बालविभाग पूर्वीपासून आहे. म्हणजे एक लोखंडी कपाट आहे. त्याला कुलूप, आणि किल्ली ग्रंथपालकाकांच्या टेबलाच्या खणात. मुलानं यायचं, पुस्तकाचं नाव सांगायचं, काका काढून देणार. सात वर्षांच्या मुलाला पुस्तकाचं नाव कुठून माहीत असणार? ते म्हणतं, "गोष्टीचं द्या." मग हाताला लागेल ते मिळतं.

यात काकांना दोष देणं मला पटत नाही. पुस्तक गहाळ झालं की मोजणीच्या वेळी दाखल नोंदवही समोर ठेवून उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. तुटपुंज्या पगारात कोण ही जोखीम घेईल?

मी ग्रंथालयशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स केला तेव्हा भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत घोकले होते. १९३१ सालचे. पहिला सगळ्यांना आठवतो, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. मला तिसरा जवळचा वाटतो: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मुक्तद्वार पद्धतीचा त्यांचा आग्रह याच्याशीच जोडलेला. वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्या, पुस्तकं चाळू द्या. आपण मोठ्यांसाठी हे थोडंफार मान्य केलं. मुलांच्या बाबतीत मात्र "फाडतील" म्हणून कुलूप.

या मे महिन्यात काकांची परवानगी काढून पाच शनिवार, दुपारी चार ते साडेपाच, मी ते कपाट उघडलं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, नुसतं उघडून भागत नाही. चित्रांची पुस्तकं जेमतेम सोळा-चोवीस पानांची, मधोमध पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो. उभी रचली की बाहेरून नुसत्या पांढऱ्या कडा दिसतात, नाव नाही की चित्र नाही. काही पुस्तकांना तर टिकावीत म्हणून खाकी कव्हरं घातलेली, आणि मुखपृष्ठावरचा हत्ती त्याआड गेलेला.

दुसऱ्या शनिवारी खिडकीच्या गजांपासून दारापर्यंत मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चाळीस पुस्तकं टांगली. खाकी कव्हरं आदल्या दिवशी काकांनी स्वतः उतरवली होती. मुलं दोरीखालून वाकून इकडून तिकडे गेली, मागची चित्रंही बघून आली. मी कुणालाही "हे घे" म्हटलं नाही.

एक चौथीतला मुलगा. जोडाक्षर आलं की थांबायचा, आणि थांबला की पुस्तक मिटायचा. त्यानं बेडकाचं एक पुस्तक काढलं, एका पानावर दोनच ओळी असलेलं, खरं तर बालवाडीचं. शेजारची मुलगी म्हणाली, "हे लहान मुलांचं आहे." मी त्याच्या धाकट्या बहिणीला त्याच्या पुढ्यात बसवलं आणि म्हटलं, "तिला वाचून दाखव." आता ते पुस्तक तिच्यासाठी होतं. 'डबक्यात' सरळ गेला, 'उड्या'पाशी अडला, 'उ...ड्...या' असं तोडून म्हणाला, आणि बहीण हसली तशी पुन्हा, मोठ्यानं म्हणाला. त्या दुपारी त्यानं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ओळीवरून सुटलं होतं.

चित्र काढणं, नाट्यवाचन हेही झालं, मुलांना आवडलंही. पण शनिवारचे ते दीड तास कुणी मला पुन्हा आखायला सांगितले, तर मी एक तास नुसता दोरीसाठी ठेवीन.

महिनाअखेर काकांनी आणि मी मोजणी केली. एक पुस्तक कमी भरलं. दोन पुस्तकांची पानं सुटली होती, ती खळ लावून चिकटवली. काका बराच वेळ नोंदवही बघत बसले. मग म्हणाले, "ताई, देवघेव मात्र एवढी कधी झाली नव्हती."

हरवलेलं पुस्तक सोमवारी आलं. बेडकाचंच. धाकटी घेऊन आली होती, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. काकांनी ते पुसलं आणि चिमट्यात अडकवलं. सुतळी आम्ही अजून काढलेली नाही.