विमान-अपहरणाची पटकथा आणि ‘आधार’ नावाचा रकाना: माझा अनुभव

विमान-अपहरणावरच्या माझ्या मराठी थरारपटाच्या पटकथेला निर्मितीसंस्थेच्या विधी विभागाची मंजुरी मिळून आता काही महिने झाले; तरीही त्या विभागाच्या दृश्य-तपासणीच्या तक्त्यातला ‘आधार’, म्हणजे दृश्यामागचा पुरावा मागणारा, हा रकाना आठवला की माझा संताप पुन्हा जागा होतो. कथा पसंत पडणे, मानधन ठरणे, स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे संहितेची नोंदणी होणे ही सगळी कामे सुरळीत झाली आणि त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते आणि संहिता कोणालाही वाचायला देण्यापूर्वी ती करून घ्यावी, एवढेच सांगते. माझी गाडी अडली ती पुढे, विधी विभागात, आणि अशा विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाची गाडी तिथेच अडण्याचा संभव असल्यामुळे हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

माझ्या कथेतील विमान कंपनी, प्रवासी, वैमानिक आणि अपहरणकर्ते सर्व काल्पनिक आहेत. मात्र काळ १९९० च्या दशकाचा आहे आणि तो मी जाणीवपूर्वक निवडला. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॉकपिटची दारे बदलली. साठांहून अधिक प्रवाशांच्या विमानांना १ नोव्हेंबर २००३ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने मजबूत, आतून बंद राहणारे दार बंधनकारक झाले. त्यामुळे आजच्या काळात घडणाऱ्या कथेत अपहरणकर्ता सरळ दार ढकलून वैमानिकाच्या मानेला पिस्तूल लावतो असे दाखवले, तर जाणकार प्रेक्षक तिथेच कथेतून बाहेर पडतो. माझ्या पटकथेचा मध्य २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या आणि अखेर कंदाहारला नेलेल्या आयसी ८१४ या विमानाच्या प्रवासावरून सुचला, तर शेवट एप्रिल १९९३ मधील दिल्ली-श्रीनगर विमानाच्या अपहरणावरून. त्या वेळी विमानात १४१ जण होते, आणि अमृतसरच्या धावपट्टीवर मध्यरात्रीनंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी काही मिनिटांत ते सोडवले. त्या कारवाईचे नाव ऑपरेशन अश्वमेध होते. १९९३ साली अमृतसरला जे जमले ते १९९९ साली त्याच अमृतसरला का जमले नाही, हा प्रश्न माझ्या कथेचा कणा आहे.

विधी विभागाकडून आलेल्या तक्त्यात प्रत्येक दृश्याला क्रमांक होता आणि पुढे रकाने होते: दृश्य काल्पनिक की सत्याधारित, त्यात सूचित होणारी खरी व्यक्ती वा संस्था, आधार, ना-हरकत पत्र. या तक्त्याला माझा तत्त्वतः विरोध नव्हता आणि आजही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कंदाहार अपहरणावरची हिंदी मालिका आली, अपहरणकर्त्यांनी वापरलेल्या ‘भोला’ आणि ‘शंकर’ या नावांवरून वाद पेटला, माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिका दाखवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतले आणि मालिकेच्या आरंभीच्या निवेदनात अपहरणकर्त्यांची खरी नावे टाकावी लागली. वास्तविक ही सांकेतिक नावे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ६ जानेवारी २००० च्या निवेदनातच नमूद होती. म्हणजे आधार होता, पण तो प्रेक्षकापर्यंत पोहोचला नव्हता. त्या प्रकरणानंतर निर्मात्यांनी सावध होणे मला पूर्णपणे मान्य आहे. मान्य नव्हते ते आधार दिल्यावरही तो न वाचणे.

पहिली बरीचशी दृश्ये झटपट सुटली. वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या उपकरणावर, ७५०० हा संकेत लावतो, त्याला आधार काय, असे विचारले गेले. तो बेकायदा हस्तक्षेपाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे हे दाखवून दिले आणि तो विषय संपला. न्यायालयातल्या दृश्यावर मात्र एक विचित्र शेरा आला: अपहरणकर्त्याला फाशी का दिलेली नाही? फाशीची तरतूद २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात आली, माझे कथानक १९८२ च्या कायद्याच्या काळातले आहे, त्या कायद्यात जन्मठेप आणि दंड हीच शिक्षा होती आणि नंतरची कठोर शिक्षा आधीच्या गुन्ह्याला लावण्यास राज्यघटनेचे २० वे कलम मनाई करते, असे उत्तर मी दिले. हे उत्तर लिहिताना मला आनंद झाला, हे मोकळेपणाने सांगते, कारण इतक्या बारकाईने केलेल्या अभ्यासाचा तिथे प्रत्यक्ष उपयोग झाला.

आणि मग अमृतसर आले. १९९९ च्या त्या संध्याकाळी लाहोरने आधी उतरण्यास नकार दिला, इंधन संपत आले आणि विमान अमृतसरला उतरले. तिथे ते पाऊण तासाहून थोडे अधिक थांबले, दिल्लीत निर्णयाचा घोळ चालू राहिला, इंधन भरले गेले नाही आणि अपहरणकर्त्यांनी त्याच अवस्थेत विमान पुन्हा उडवायला लावले. लाहोरच्या धावपट्टीचे दिवे बंद होते. तिथून पुढे दुबई आणि अखेर कंदाहार. माझ्या पटकथेत काल्पनिक विमान याच पाऊण तासातून जाते आणि पडद्यावरही तो प्रसंग दीर्घ चालतो. या एका प्रसंगासाठी विधी विभागाने केंद्र सरकारचे ना-हरकत पत्र, विमानतळाचे ना-हरकत पत्र आणि ‘प्रभावित कुटुंबांची’ ना-हरकत पत्रे मागितली. काल्पनिक विमानाच्या काल्पनिक प्रवाशांची कुटुंबे कोणती, आणि सरकारचे कोणते खाते कल्पित प्रसंगाला ना-हरकत देते, हे मी लेखी विचारले. त्यावर उत्तर आले नाही. तक्ता मात्र परत आला, त्याच रकान्यात त्याच शब्दांसह.

यानंतरचा काळ मनस्तापाचा होता. दर वेळी फाइल नव्या व्यक्तीकडे जाई, नवी व्यक्ती पहिल्या पानापासून प्रश्न विचारी आणि आधीच्या व्यक्तीने मान्य केलेले मुद्दे पुन्हा उघडले जात. दूरध्वनीवर ‘झालेच आहे समजा’ असे ऐकायला मिळे आणि आठवड्याने ईमेलमध्ये तोच शेरा दिसे. शेवटी सूचना आली की अमृतसर काढून तिथे एखादे काल्पनिक शहर घालावे. ही सूचना करणाऱ्याने नकाशा पाहिला नसावा, असे मला आजही वाटते. अमृतसर हे सीमेच्या अगदी अलीकडचे भारतीय विमानतळ आहे. पलीकडे लाहोर हाकेच्या अंतरावर आहे. आपल्या भूमीवर उभे असलेले विमान आपल्या हातून निसटते ते याच जागेवरून, आणि त्या पाऊण तासाचा सगळा ताण या भूगोलातून येतो. काल्पनिक शहरात ते विमान नुसतेच उभे राहिले असते. मी नकार दिला.

नकारासोबत मी एक लेखी टिपण जोडले आणि गाठ त्यानेच सुटली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या आर. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालानुसार न्यायालयीन कागदपत्रांसह सार्वजनिक अभिलेखावर आधारलेल्या लेखनाला, काही अपवाद वगळता, संबंधित व्यक्तीच्या संमतीची गरज नसते. त्यामुळे मी अमृतसरच्या प्रसंगातील प्रत्येक घटनेपुढे संसदेतील निवेदने व चर्चा, आयसी ८१४ प्रकरणात पतियाळ्याच्या विशेष न्यायालयाने २००८ साली दिलेला निकाल आणि त्या वेळची वृत्तपत्रे अशा क्रमाने आधार लावले. हा क्रम महत्त्वाचा आहे. वृत्तपत्राचे कात्रण पुढे ठेवले की विधी विभाग आणखी दोन कात्रणे मागतो. संसदेचे कामकाज किंवा निकालपत्र ठेवले की प्रश्न थांबतात. ज्या घटनांना असा आधार नव्हता, त्यांच्यापुढे मी ‘पूर्णतः काल्पनिक’ असे स्पष्ट लिहिले. दुसरे असे की, यापुढे दूरध्वनीवर कोणताही आक्षेप स्वीकारणार नाही, प्रत्येक आक्षेप दृश्यक्रमांकासह लेखी द्यावा, असे मी कळवले. लेखी मागताच निम्मे आक्षेप आलेच नाहीत.

याच संदर्भात एक गोष्ट सांगायची राहिली. कंदाहारच्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत आणि त्या वाचायलाच हव्यात, पण त्यातला एकही संवाद जसाच्या तसा घेऊ नये. ऐतिहासिक घटनेवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलेले आहे. मी त्या आठवणींमधून वेळा आणि घटनाक्रम पडताळून घेतला. कॉकपिटमधला प्रत्येक शब्द माझा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

मंजुरीचा ईमेल आला तेव्हा अमृतसर जागेवर होते. बदल म्हणून एका मंत्र्याच्या खोलीतील तसबीर काढावी लागली, एका अधिकाऱ्याचे आडनाव बदलावे लागले आणि आरंभीचे निवेदन विस्ताराने लिहावे लागले. कथानक कोणत्या खऱ्या घटनांवरून सुचले आणि कोणती पात्रे कल्पित आहेत, हे त्यात आता नि:संदिग्धपणे येते. हे निवेदन लेखकाने स्वतः लिहून द्यावे. मला आधी पाठवलेल्या मसुद्यात दोन अपहरणांची वर्षे एकमेकांत मिसळलेली होती.

करारातील नुकसानभरपाईच्या कलमाचा उल्लेख खरे तर वर यायला हवा होता. चित्रपटावर कोणीही दावा केला तर खर्च लेखकाने द्यावा, अशा आशयाचे कलम मूळ मसुद्यात होते. ज्या संहितेचे प्रत्येक दृश्य संस्थेच्या विधी विभागाने तपासून मंजूर केले आहे, तिची संपूर्ण जबाबदारी एकट्या लेखकावर टाकणे अन्यायाचे आहे. माझी जबाबदारी ‘माझ्या माहितीप्रमाणे’ एवढ्यापुरती मर्यादित करून घेतल्यावरच मी सही केली, आणि मंजूर तक्ता करारालाच परिशिष्ट म्हणून जोडायला लावला. मंजुरी ज्या मसुद्याला मिळाली त्याचा क्रमांक व तारीख त्या परिशिष्टावर आहे, कारण चित्रीकरणाच्या वेळी संवाद बदलला गेला तर तो बदल कोणी केला हे दाखवणारा दुसरा कागद लेखकाच्या हाती नसतो.