तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळी कधीच झाली, तुमचा कंदील अजून?

नाही, उतरवायचा राहिलेला नाही. दिवाळीत तो लावलाच नव्हता. दर डिसेंबरात आमच्या गॅलरीत चांदणी लागते आणि जिन्यात, लिफ्टमध्ये, इस्त्रीवाल्यापाशी तोच प्रश्न येतो. मी "नाताळ" म्हटलं की दुसरा तयारच असतो, "म्हणजे आमच्याकडूनच घेतलंत ना?" आणि चार बुकं वाचलेलं कुणी असलं तर तिसरा, "पण मग त्याचा अर्थ काय?"

घेतलं असेल. नगरच्या ज्या आळीत मी वाढले तिथे सगळ्यांच्या कामट्या एकाच बुरुडाकडून यायच्या आणि पतंगाचा कागद एकाच दुकानातून. नाताळात आमच्याकडे करंज्या-चकल्या व्हायच्या, आई दारात रांगोळीचा क्रूस काढायची. त्याचा हिशेब कुणी मागत नाही, कारण करंजी खाऊन संपते. कंदील आपला टांगलेला दिसतो. आणि झाडावर चिकटवलेला कापसाचा बर्फ कुणाकडून घेतला, हे तर मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

अर्थाचं उत्तर मला पाठ आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडच्या मागी लोकांना, म्हणजे तारे जाणणाऱ्या पंडितांना, तारा दिसतो, तो त्यांना बेथलेहेमात बाळापर्यंत नेतो, तो हा तारा. उत्तर बरोबरच आहे. पण ते देताना माझा आवाज थोडा चढतो, आणि त्याचं कारण तुमच्या प्रश्नात नाही, 1993 सालात आहे.

मी एकोणीस वर्षांची, पुण्यात हॉस्टेलवर. तिथल्या प्रार्थनेच्या गटात एका उपदेशकाने आम्हाला बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दहावा अध्याय शिकवला होता. रानातलं झाड तोडतात, कारागीर ते घडवतो, सोन्यारुप्याने मढवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. राष्ट्रांचे हे रिवाज शिकू नका. म्हणजे ख्रिसमस ट्री बाद, सजावट बाद. एवढा सरळ हिशेब हाती आल्यावर एकोणिसाव्या वर्षी माणूस काय करतं? घरी जाऊन आईबापांना सुधारतं.

23 डिसेंबरला संध्याकाळी पोचले तर पप्पा ओट्यावर चांदणी करत बसलेले. एसटीच्या वर्कशॉपमधून आल्यावर हात धुऊन ते याच कामाला बसायचे. कामट्यांच्या दोन पाचकोनी चांदण्या, टोकं सुतळीने एकमेकींना बांधलेली आणि पोट फुगावं म्हणून मध्ये पाच आखूड काड्या अडकवलेल्या. वर खळीने पिवळा कागद. एक बाजू चिकटवून झाली होती, अजून ओली होती.

मी बॅग न ठेवताच बायबल काढलं आणि अध्याय वाचून दाखवला. पप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"मग हे काय आहे, पप्पा?"

"तारा."

"हा दिवाळीचा कंदील आहे. लोक काय समजतील?"

आता लिहिताना दिसतं की तोंडात यिर्मया होता, पण पोटात रूममेट होती. तिनेही विचारलं होतं, "तुमच्यात पण आकाशकंदील?" आणि मी लाजले होते. ते तेव्हा कबूल केलं असतं तर पुढचं टळलं असतं. मी वाकले आणि ओल्या कागदातून अंगठा आरपार घातला. मग हाताने खाली ओढला. ओला कागद फाटताना आवाजसुद्धा करत नाही.

पप्पा काही बोलले नाहीत. खळीचे हात पायजम्याला पुसले, होल्डर काढला आणि नेहमीच्या खिळ्याला नुसताच टांगला. त्या नाताळात आमच्या दारावर चाळीसचा उघडा बल्ब होता. रात्री चर्चच्या मंडळीतली पोरं गाणी म्हणत आली. एकाने विचारलं, "काका, चांदणी?" पप्पा म्हणाले, "यंदा कागद मिळाला नाही."

पुढे मी तो अध्याय नीट वाचला. तो मूर्ती घडवण्याबद्दल आहे, हे दोन ओळी पुढे गेलं असतं तरी कळलं असतं. आणखी वाचत गेले तेव्हा तर हसूच आलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन या कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. कायदा 1681 मध्ये गेला, पण नाताळची सरकारी सुट्टी तिथे 1856 ला लागली. आमच्या नगरात मिशन सुरू करणारे अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्या भागात येतं तिथल्या, त्याच परंपरेतले, आणि ते आले 1831 मध्ये. म्हणजे मूळची मिशनरी त्या दिवशी ओट्यावर मीच होते. पप्पा आपले पाहुणा आल्यासारखा दिवा लावत होते.

अर्थाचं म्हणाल तर तो पुष्कळदा मागून चालत येतो. जर्मनीतल्या नीस्की गावात मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेतल्या मुलांनी भूमिती शिकताना कागदाचे बहुकोनी तारे केले, आज त्या पंथाच्या घराघरात तो तारा लागतो. आमची चांदणी तिथून आली असं मी म्हणत नाही. गोठ्यातले बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात नाहीत. तिथे फक्त गव्हाणी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचोला खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं. त्यांना आता गोठ्यातून कोण हाकलणार?

तरी ती हॉस्टेलवरची मुलगी पार चुकली होती, असंही मी म्हणणार नाही. मॉलमधलं तीन मजली झाड पाहिलं की तिचाच प्रश्न माझ्या तोंडी येतो, हे कुणासाठी? आणि माझी स्वतःची चांदणी हल्ली घडीची, प्लास्टिकची, बाजारातून आणलेली. दिवाळीत उरलेली असते म्हणून स्वस्त पडते. त्यावर काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी धीर करून पप्पांकडे विषय काढला. म्हटलं, "त्या वर्षीची चांदणी मी फाडली होती."

"कधी?" ते म्हणाले. "त्या वर्षी कागदच मिळाला नव्हता."