हदगा, कवायत आणि अशोक रानडे

आकाशवाणीतल्या नोकरीवर चार ओळी लिहा, असा आपल्या शाळेच्या स्मरणिका समितीचा निरोप आला. त्या नोकरीत सांगण्यासारखं म्हणजे पाव इंची टेप, ब्लेड आणि चिकटपट्टी. मैफलीचं ध्वनिमुद्रण आलं की गवयाने तबलजीला हळूच दिलेली सूचना, श्रोत्यांतला खोकला, लांबलेली दाद, या सगळ्यावर पांढऱ्या पेन्सिलीने खूण करायची आणि तेवढा तुकडा कापून टोपलीत टाकायचा. उरेल ते संगीत, अशी रीतच होती.

त्याच काळात संगीताचे अभ्यासक डॉ. अशोक दा. रानडे यांची सप्रयोग व्याख्यानं ऐकली आणि टोपलीतल्या तुकड्यांबद्दल शंका येऊ लागली. तेव्हा माझ्यापेक्षा त्यांच्याबद्दलच लिहिते.

जन्म 1937चा, पुण्यातला. मराठी-इंग्रजी साहित्याचा अभ्यास, वर कायद्याची पदवी, आणि गाण्याची तालीम गायक आणि व्हायोलिनवादक पं. गजाननराव जोशींसारख्यांकडे. 1968मध्ये मुंबई विद्यापीठात संगीत केंद्र निघालं, त्याचे ते पहिले संचालक. पुढे एनसीपीए या मुंबईतल्या कलासंस्थेत संशोधन. एकीकडे स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या संगीतविचारावर मराठीत पुस्तक, दुसरीकडे हिंदी चित्रपटगीतावर इंग्रजीत जाडजूड ग्रंथ (2006). शिवाय नटांच्या आवाजाची जोपासना. ‘बैठकीची लावणी’सारखे कार्यक्रम त्यांनी उभे केले, तेव्हा लावणी म्हणजे फक्त ढोलकी आणि घुंगरू असं मानणाऱ्यांची पंचाईत झाली. बसून, अदा करत, ठुमरीच्या अंगाने गायची लावणी बऱ्याच जणांनी ऐकलीच नव्हती.

त्यांचं लेखन सोपं नाही. एकेका परिच्छेदात तीन-तीन पारिभाषिक शब्द. मी पुष्कळदा पुस्तक मिटलेलं आहे. पण समोर बसून बोलायला लागले, मध्येच गाऊन दाखवू लागले, की तेच सगळं सरळ व्हायचं.

संगीत म्हणजे फक्त रागदारी नव्हे, हे ते ठासून सांगत. आदिम, लोक, भक्ती, कला, जन (म्हणजे लोकप्रिय) आणि संगम (म्हणजे वेगवेगळ्या परंपरांच्या मिलाफाचं) अशा संगीताच्या कोटी, म्हणजे वर्ग, त्यांनी मांडल्या आणि प्रत्येकीचे नियम वेगळे, म्हणून एकीची फूटपट्टी दुसरीला लावायची नाही, असा आग्रह धरला. ऐकताना मला आपली शाळा आठवली. सकाळची प्रार्थना, शनिवारच्या कवायतीचा ड्रम, सुरात म्हटलेले पाढे, हस्त नक्षत्रातला हदगा, गॅदरिंगला सिनेमाच्या चालीवर बसवलेलं स्वागतगीत. गाण्याच्या तासाला मात्र फक्त भूप राग. बाकीच्याला कोणी संगीत म्हणत नसे.

शाळेने ढाली जपल्या, हजेरीपुस्तकं जपली. आपल्या मुलींनी हदग्याला जोडलेली, शिक्षकांची टिंगल करणारी कडवी मात्र कुठेच नोंदलेली नाहीत. शाळेच्या मेळाव्याला माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी येणार आहेत. रेकॉर्डर मी आणते. समितीने एक शांत खोली द्यावी, आणि तीही जेवणाआधी. श्रीखंड-पुरीनंतर आमच्यातली एकही गाणार नाही.