मधल्या पंधरा फुटांचं काय करायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या सोसायटीच्या कोर्टावर पिकलबॉल (छोटी सपाट बॅट आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळतात तो) खेळायला नवीन आलेलं कुणी ना कुणी हे विचारतंच, "काकू, तुमच्या सर्व्हिसला जोर तर काहीच नसतो. मग परत करताना आमची फजिती का होते?" महिनाभर खेळले की त्यांचाच पुढचा प्रश्न येतो, "आम्ही मध्येच अडकतो हो. किचनपर्यंत पोचतच नाही. काय करायचं?"

किचन म्हणजे जाळीलगतची सात फुटांची पट्टी. तिच्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, म्हणून सगळे तिच्या रेषेपाशी येऊन उभे राहायला धडपडतात. मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या अगदी मागच्या रेषेपासून, किचनच्या रेषेपर्यंत १५ फूट अंतर असतं. समोरच्यांचे ते १५ फूट म्हणजे आपली सर्व्हिस पडायची जागा. आपल्या बाजूचे १५ फूट म्हणजे आपल्याला ओलांडायची जागा. तिकडे चेंडू नीट पडला तर इकडे पाय मोकळे होतात, एवढंच आहे ते.

पण हे कळायला मला वर्ष लागलं, कारण मी मुळात बॅडमिंटनवाली. कोर्टही तेच, २० बाय ४४ फूट. १९६५ साली अमेरिकेत बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तोही बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावरच. त्या लोकांनी जाळी खाली आणली, तशी आम्हीही आणली. कडेला ३६ इंच, मध्ये ३४. बॅडमिंटनची पुढची रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर, किचनची सात फुटांवर. म्हणून अर्धा फूट मागे पिवळी टेप चिकटवली आणि झालं आमचं कोर्ट तयार. (त्या अर्ध्या फुटावरून आजही भांडणं होतात. सर्व्हिस किचनच्या रेषेवर पडली तर ती बाद, आणि आमच्याकडे रेषा दोन!)

कोर्ट बदललं, सवय मात्र बदलली नाही. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये जाळीला घासून जाणारी आखूड सर्व्हिस चांगली, कारण समोरच्याला वरून हाणता येत नाही. मी इथेही तशीच टाकायचे आणि मनात खूश व्हायचे. पण पिकलबॉलमध्ये सर्व्हिसचा टप्पा पडू द्यावाच लागतो. आखूड टाकली की समोरचा आरामात पुढे येतो, रिटर्न मारतो आणि दोन पावलांत किचनपाशी जाऊन उभा राहतो. आपल्याला मात्र तो रिटर्नही टप्पा पडल्यावरच मारायचा असतो, म्हणून आपण मागेच. म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून आपण दारात उभे.

तेव्हा आता मी एकच बघते, चेंडू त्या १५ फुटांतल्या शेवटच्या पाच फुटांत पडला पाहिजे. तिथे पडला की समोरच्याला बेसलाइनच्या मागे सरकून मारावं लागतं, रिटर्न बऱ्याचदा आखूड पडतो, आणि त्याला अजून सगळं अंतर धावायचं असतं. पण रेषेवर नेम धरू नका. रेषेच्या आत दोन-तीन फूट धरा. पॉइंट फक्त सर्व्हिस करणाऱ्यांनाच मिळतो, म्हणून बाहेर गेलेली सर्व्हिस ही हातची गेलेली पाळी, आणि पुन्हा टाकायची संधीही नाही.

डावी-उजवीकडचा विचार त्यानंतर. समोरचा उजव्या हाताचा असेल तर त्याच्या उजव्या चौकोनात टाकताना मधल्या रेषेकडे टाका, डाव्या चौकोनात टाकताना कडेच्या रेषेकडे. दोन्हीकडे त्याचा बॅकहॅण्ड सापडतो. आणि कधीतरी सरळ अंगावर, बॅट धरलेल्या बाजूच्या कमरेपाशी. तिथे आलेल्या चेंडूला फोरहॅण्ड मारू की बॅकहॅण्ड, हे ठरेपर्यंत भल्याभल्यांचं कोपर अंगात अडकतं.

सराव म्हणाल तर, बेसलाइनच्या आत तीन फुटांवर एक पंचा पसरते आणि रोज वीस सर्व्हिस टाकते. पहिल्या आठवड्यात पंच्याच्या आसपास जेमतेम चार पडायच्या. खांदा दुखतो म्हणून मी चेंडू हातातून सोडून, टप्पा पडल्यावर मारते. २०२१ पासून नियमांत ही सोय आहे. फक्त चेंडू खाली आपटायचा नाही, नुसता सोडायचा. आमच्या वॉचमनना अजून वाटतं की पंचा वाऱ्याने उडून आलाय. दोनदा घडी घालून कठड्यावर ठेवला त्यांनी.

आता आपले १५ फूट. सर्व्हिस केल्यावर पहिला मोह आत शिरायचा होतो. शिरू नका. रिटर्न खोल आला तर तो नेमका पायात पडतो, आणि मागे पळत मारलेला चेंडू कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. आलेला रिटर्न आपण मारून झाला की मग पुढे निघायचं, तेही आपला फटका बघून. चेंडू हळू आणि खाली जाऊन त्यांच्या किचनमध्ये पडणार असेल तर चला. उंच गेला असेल तर जागेवर राहा.

धावत-धावत किचन गाठायचं हे डोक्यातून काढून टाका. समोरच्याची बॅट चेंडूला लागणार, त्या क्षणी जिथे असाल तिथे दोन्ही पाय टेकवून थांबा. मध्येच असलात तरी थांबा. माझा जोडीदार, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका, रेल्वे पकडायच्या वेगाने पुढे सुटतात. चेंडू त्यांच्या घोट्याशी येतो तेव्हा त्यांचा एक पाय हवेत असतो. शिवाय ते पुढे आणि मी मागे असले की आमच्या दोघांमधून तिरपा रस्ता मोकळा मिळतो, आणि समोरचे काही आंधळे नसतात.

थांबलात की बॅट गुडघ्यांसमोर, खाली. मध्ये येणारे चेंडू बहुतेक पायाशीच येतात. तो चेंडू जाळीपेक्षा खाली असेल तर हाणायचा नाही. बॅटवरची पकड सैल करा, पुरणपोळी उलटताना कलथा धरतो तेवढी, आणि चेंडू नुसता उचलून त्यांच्या किचनमध्ये टाका. तिथे पडलेला चेंडू त्यांनाही खालून वरच मारावा लागतो. तेवढ्यात तुम्ही आणखी दोन पावलं पुढे. तीन-चार वेळा असं करावं लागलं तरी चालेल, एका झेपेत पोचायची पैज कुणी लावलेली नाही. चेंडू जाळीच्या वर आला तर मात्र मारा, आणि त्यांच्या पायांकडेच मारा. अडकण्याची मजा त्यांनाही कळू दे.

आणि जोरात, खांद्याच्या उंचीने अंगावर येणारा चेंडू सोडून द्या. तुम्ही मध्ये उभे असताना असा चेंडू बहुतेक वेळा बाहेरच जाणार असतो. हे मला पटतं, पण हाताला अजून पटलेलं नाही. काल १०-९ असताना मी असाच बाहेर चाललेला चेंडू बॅट घालून जाळीत मारला. काका काही बोलले नाहीत, नुसते पाण्याची बाटली शोधायला गेले.

यायचं असेल तर सकाळी साडेसहाच्या आत या, नंतर मुलांचं बॅडमिंटन असतं आणि जाळी वर चढते. चेंडू मात्र आपले आणा, आमच्याकडचे सगळे तडकलेत. पंचा मी देईन.