आठाण्याचा ठिपका दिसला एकदाचा!

माझं १९९७ चं, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं पन्नास पैशांचं नाणं कुठल्या टांकसाळीचं, हा इथे रंगलेला वाद मिटला. टांकसाळीची खूण सालाखाली असते: नोएडाचा ठिपका, मुंबईचा हिरा. नाणं नोएडाचंच आहे.

सालाखाली काही दिसेना म्हणून तुमच्यातले निम्मे 'कोलकाता' म्हणून मोकळे झाले होते. पण कोलकात्याला खूणच नसते, आणि नोएडाचा ठिपका झिजला की तेही कोलकात्याचंच वाटतं. काट्यावर ठेवून बघ, असंही एकाने सुचवलं. अहो, वजन-व्यास सरकारनेच ठरवून दिलेला, चारही टांकसाळींना माप एकच. काटा काय सांगणार, कपाळ?

दहापट भिंगाखाली वरून उजेड टाकला की स्टीलची चमक सगळं गिळते. म्हणून मोबाइलचा टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला आणि नाणं हळूहळू फिरवलं. सालाखाली इवलासा फुगवटा, त्याला सावली! नाणं फिरेल तशी सावली बाजू बदलते. टूथपिकने हलकेच टोकरलं, तरी जागचा हलला नाही. म्हणजे मळ नव्हे.

आधी ऑनलाइन 'युएनसी' (म्हणजे न वापरलेलं, कोरं) म्हणून घेतलेलं भांड्यांच्या पावडरीने घासलेलं निघालं होतं. त्यावर ठिपका शोधणं म्हणजे टकलावर भांग शोधणं. हे मात्र खानापूरच्या कासारीण मावशींच्या डब्यातलं, मळकट पण अस्पर्श. त्या म्हणाल्या, "हे चालत नाहीत की आता!" म्हटलं, चालतात मावशी, पंचवीस पैसे बंद झाले, २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे आठाणे दहा रुपयांपर्यंत चालतात. "मग कंडक्टरला देऊन दाखव बघू!"

लिहिता लिहिता बेत बदलला. चारही टांकसाळींचं एकेक नाणं जमवण्यापेक्षा स्वातंत्र्याच्या २५, ५०, ७५ वर्षांच्या नाण्यांची ओळच लावतो: १९७२, १९९७, २०२२. अमेरिकेत २५० व्या वर्षाच्या नाण्यांसाठी संसदेला खास कायदा करावा लागला. आपल्याकडे कायदा एकच, बाकी नाण्यागणिक राजपत्रात अधिसूचना. मला हेच सोयीचं वाटतं. नव्या संसद भवनाच्या ७५ रुपयांच्या नाण्याला कडेला २०० दाते, निम्मी चांदी, हे अधिसूचनेतच वाचता येतं, विक्रेत्याला विचारावं लागत नाही.

ओळीत अडलंय ते सगळ्यांत नव्या, २०२२ च्या नाण्यापाशी. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच दहाच्या सगळ्या १४ नमुन्यांना वैध म्हटलं, तरी इथले बरेच दुकानदार दहाचं नाणं घेत नाहीत. मग गल्ल्यात येणार कुठून? निपाणी-चिकोडीकडे कुणाकडे अमृतमहोत्सवाचं दहाचं असेल तर कळवा. बदल्यात १९९७ चं मुंबईचं देतो, हिरा अगदी ठसठशीत.