न उघडणारे सतरा दुवे

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाची छापील प्रत घेऊन देवघेव विभागापाशी आली आणि "मॅडम, लिंक उघडतच नाहीत," एवढेच म्हणाली. सोमवारी तिला प्रबंध सादर करायचा होता. माण आणि खटाव तालुक्यांतील दुष्काळ व पाणीयोजना हा तिचा विषय होता आणि तिच्या मार्गदर्शकांनी आदल्या दिवशी तळटीपांमधील त्रेचाळीस संकेतस्थळी पत्ते एकेक करून तपासले, तेव्हा त्यांपैकी सतरा उघडले नव्हते. मला अधिक लागले ते यासाठी, की हे सतराही पत्ते तिने आमच्या ग्रंथालयाच्या सामायिक संग्रहातून घेतले होते.

सातारा जिल्ह्यातील या महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. सहा वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन बुकमार्क सेवेत ग्रंथालयाचे खाते उघडले. त्यात प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्याला उपयोगी वाटलेली पाने जपून ठेवत, प्रत्येकाला विषयाचे टॅग लावत आणि ती सर्वांना दिसत. ही पद्धत 2003 साली सुरू झालेल्या डेलिशस या संकेतस्थळाने जगभर रुजवली. विषयांची यादी वरून ठरवून न देता वाचकांनीच टॅग लावायचे, ही त्यातील कल्पना मला आजही आवडते. परंतु भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांचे द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तके विषयवार लावण्याची त्यांची पद्धत, शिकून आलेल्या मला पहिल्याच वर्षी तिची अडचण जाणवली, कारण एकाच विषयाला कोणी 'पाणी', कोणी 'सिंचन', कोणी 'जलसिंचन', तर कोणी 'इरिगेशन' असे टॅग लावत असे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळे एकाच शब्दाचेही दोन टॅग होत. मी दर महिन्याला बसून ते एकत्र करीत असे आणि तेवढ्याने संग्रह नीट लागला आहे, असे समजत असे.

त्या दिवशी आम्ही दोघी सतरा नोंदी घेऊन बसलो. परिचर मामांना मी काउंटर सांभाळायला सांगितले. पहिले पाच पत्ते शासन निर्णयांचे होते आणि त्यांत जलयुक्त शिवार अभियानाचा 5 डिसेंबर 2014 चा निर्णयही होता. पत्ते निकामी झाले होते, मात्र या नोंदी करणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रत्येक दुव्याखाली विभागाचे नाव, दिनांक आणि शासन निर्णयाचा संगणक सांकेतांक लिहून ठेवला होता. वर्ष, महिना आणि दिवस यांनी सुरू होणारा तो लांबलचक आकडा राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शोधला की निर्णय सापडतो, मग फाइलचा पत्ता कितीही वेळा बदललेला असो. पाचही निर्णय वीस मिनिटांत मिळाले.

सातारा जिल्ह्याच्या 1885 सालच्या गॅझेटियरचा दुवाही बंद होता. टिपणात खंड 19 असे लिहिलेले असल्यामुळे त्याची स्कॅन केलेली प्रत इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयात लगेच मिळाली आणि तिला हवा असलेला, 1876 ते 1878 च्या दुष्काळाविषयीचा मजकूरही त्यात होता. आणखी तीन अहवाल केवळ जागा बदलून दुसरीकडे गेले होते, तेही पूर्ण शीर्षक नोंदवलेले होते म्हणून शोधता आले.

उरलेल्या आठांसाठी आम्ही वेबॅक मशीन उघडले. इंटरनेट अर्काइव्हने 2001 मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या या साधनात जुना पत्ता घातला की त्या पानाच्या प्रती कोणकोणत्या दिवशी जतन झाल्या, ते दिनदर्शिकेवरील वर्तुळांमधून दिसते. चार पत्त्यांसमोर अशी वर्तुळे होती, त्यामुळे जतन झाल्याच्या दिनांकासह नवा पत्ता तळटीपेत घालता आला. विद्यार्थिनीने ते दिनांक स्वतः वहीत उतरवून घेतले.

शेवटच्या चारांसाठी मात्र काहीही मिळेना. त्यांचा पत्ता म्हणजे आकड्यांची एक माळ होती, पानाचे शीर्षक 'डाउनलोड' असे नोंदले गेले होते आणि टिपणाच्या जागी एकच शब्द होता, 'उपयुक्त'. त्या पानावर काय होते, ते कोणी लिहिले होते, कोणत्या वर्षी लिहिले होते, यांपैकी काहीच त्या नोंदीवरून कळत नव्हते. चारांपैकी तीन नोंदी माझ्या नावावर होत्या. पुस्तकाचे कार्ड करताना लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष लिहिल्याशिवाय मी कधी ते ड्रॉवरमध्ये घातलेले नाही. दुव्याच्या बाबतीत मात्र एका क्लिकवर ते जतन होते म्हणून मी ही शिस्त सोडली होती. टॅग दुरुस्त करण्यात मी इतके तास घालवले आणि ज्याच्या आधारे हरवलेले पान पुन्हा शोधता येते, ते दोन ओळींचे वर्णन लिहिले नाही, याचे मला फार वाईट वाटले. वाचकाचा वेळ वाचवा, हे रंगनाथन यांचे चौथे सूत्र मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत आले आहे, आणि त्या मुलीचा अख्खा दिवस माझ्या नोंदींपायी गेला होता.

साडेपाचला तिने त्या चार तळटीपा आणि त्यांवर आधारलेले दोन परिच्छेद प्रबंधातून काढले. तिची तक्रार नव्हती. "मॅडम, बाकीचे सापडले ना," असे म्हणून ती एसटी पकडायला निघाली.

सोमवारी मी संपूर्ण संग्रहाची एचटीएमएल फाइल उतरवून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवली, कारण बुकमार्क ठेवणारी सेवाही कायमची नसते: गूगल बुकमार्क्स 2021 मध्ये आणि पॉकेट 2025 मध्ये बंद झाले. संशोधक विद्यार्थ्यांना आता मी झोटेरो हे संदर्भ जपून ठेवण्याचे सॉफ्टवेअर वापरायला सांगते, कारण त्यात दुव्याबरोबर त्या पानाची प्रतही साठवता येते. सामायिक संग्रहात नवा दुवा घालणाऱ्याने लेखक किंवा विभाग, दिनांक आणि हे पान कशासाठी ठेवले याचे एक पूर्ण वाक्य लिहावे, असा नियम केला आहे. त्याच वेळी वेबॅक मशीनमध्ये त्या पानाची प्रत करून घेण्याचे काम मी स्वतः करते. जुन्या सुमारे नऊशे नोंदींपैकी नुसते 'उपयुक्त' लिहिलेल्या दोनशे बारा निघाल्या. रोज दुपारी चार ते पाच या वेळेत मी त्यांतील पाच-सहा उघडून, वाचून, टिपण लिहिते, आणि जी पाने अजून उघडतात त्यांची आधी प्रत करून घेते.