नऊ दिवसांपूर्वीचं ‘नाही’

शनिवार, तान्हा पोळा. रात्र.

शनिवार म्हणजे सांधेवाताच्या गोळीचा दिवस. शेवटचं पोरगं लाकडी बैल घेऊन आठला येऊन गेलं. आईने बैलवाल्या पोरांना द्यायच्या बोजाऱ्याचे उरलेले सुटे पैसे डब्यात टाकले, दाराला कडी लावली आणि झोपायला गेली. मी टेबलाशी बसून तळहातावरच्या एका पिवळ्या गोळीकडे बघते आहे. याआधी साडेसात मिलिग्रॅमच्या दोन असायच्या. दहाची एकच घेण्याचा हा दुसरा शनिवार.

एकच का, ते डॉक्टरांना माहीत आहे असं त्यांना वाटतं. पण मी त्यांना खरं माहीत होऊच दिलेलं नाही.

आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी धंतोलीला त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी रिपोर्ट बघितला, मागचा काढून शेजारी ठेवला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, 96. मे महिन्यात 31 होतं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, घरचं काही?”

“नाही.”

त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं. इतकं पटकन मी शाळेत हजेरीला ‘हजर’सुद्धा कधी म्हटलं नसेल. त्यांनी मान हलवली, कागदावरच्या 15 वर काट मारली आणि बाजूला 10 लिहिलं. “कधीकधी ही गोळी लिव्हरला झेपत नाही. कमी करू. चार आठवड्यांनी परत रक्त द्या.” पेनाची ती आडवी रेघ मला अजून दिसते. माझ्यासमोर त्या गोळीवर आळ आला आणि मी गप्प राहिले.

मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच, आणि ‘एकदाच’च्या खाली पहिल्याच दिवशी दोन रेघा मारून दिलेल्या, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. म्हणून कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारभोवती गोल. सोमवारी फोलिक ॲसिड. वर्षातून एकदा डोळे तपासायचे, ते सांधेवाताच्याच दुसऱ्या गोळीसाठी, एचसीक्यूसाठी (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). सहा वर्षं मी हे शिस्तीत केलं. या गोळीने मला परत वेणी घालता येऊ लागली. कुकरचं झाकण लावता येऊ लागलं. तिच्याशी मी अशी वागले.

गुळवेल मला लपवायची नव्हती. हे मी आज कितव्यांदा तरी स्वतःला सांगते आहे.

दादाच्या काटोलच्या शेतात धुऱ्यावर जुना कडुनिंब आहे, त्याच्यावर चढलेली ती वेल. दादा आला की संत्र्यांच्या पिशवीत वरती चार-सहा कांडं असतातच. अंगठ्याएवढी जाड. वरची साल कागदासारखी, नखाने ओढली की पापुद्रा सुटून येतो आणि खाली एकदम हिरवंगार ओलं. कापल्यावर आत गाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. आई ते बत्त्याने ठेचते, तांब्यात रात्रभर भिजत घालते, सकाळी गाळते. ते पाणी थोडं बुळबुळीत आणि असं कडू की जीभ दुपारपर्यंत विसरत नाही. जून महिन्यापासून रोज अर्धा पेला. मी पेला रिकामा करेपर्यंत आई ओट्याजवळ उभी असते. पंच्याहत्तर वर्षांची बाई माझ्याआधी उठून बत्ता चालवते, मी तिला काय सांगणार होते?

हनुमाननगरच्या वैद्य मॅडमनाही हे माहीत नाही. त्यांनी कधी गुळवेल दिलीच नाही. त्यांनी दिलं सिंहनाद गुग्गुळ, सुंठीचा काढा, गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक. दही बंद, उडीद बंद, रात्रीचं जड बंद. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी सगळी फाइल वाचून काढली होती आणि म्हणाल्या होत्या, “तुमची शनिवारची गोळी बंद करायची नाही, आणि मी काय देते ते त्यांना दाखवायचं.” चिठ्ठी नीट लिहून दिली होती. ती चिठ्ठी गेले पाच महिने माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. त्या गुरुवारीही होती. डॉक्टर विचारत होते तेव्हा पर्स माझ्या मांडीवर होती.

शेकाचा मला खरंच उपयोग होतो. सकाळी बोटं उघडायला दीड तास लागायचा, आता पाऊण तासात उघडतात. दही सोडल्याने होतं की शेकाने, की मुळात गोळीचंच ते काम, मला सांगता येणार नाही. पण मी ते कुणालाच धड सांगितलेलं नाही, तर तेही शोधणार कुठून!

का ‘नाही’ म्हटलं?

कारण एकदा ‘हो’ म्हटलं होतं. हे डॉक्टर नव्हते, दुसऱ्याच दवाखान्यातले. आजाराचं पहिलं वर्ष. तेव्हा मी गोळ्या घ्यायला घाबरत होते आणि कुणीतरी सांगितलं म्हणून नाव-गाव नसलेल्या पुड्या आणत होते. चार दिवसांत सूज उतरली, मी पेढे वाटले. चेहरा गोल होत गेला, लोक म्हणाले तब्येत सुधारली. मग साखर वाढली आणि कळलं की पुडीत बहुधा स्टिरॉइड होतं. मी ते खरं खरं सांगितलं तर त्या डॉक्टरांनी फाइल माझ्याकडे सरकवली. “मग तिकडेच जा ना. इथे कशाला आलात?” दार उघडं होतं. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. उजव्या हाताची करंगळी तेवढ्या सात-आठ महिन्यांत वाकली ती वाकलीच. एकदा हाड झिजलं की कुठलंच औषध ते परत आणत नाही. आणि ते उघडं दार... जाऊ दे.

पण हे डॉक्टर तसे नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं होतं. घरचं काही, असं म्हणाले होते. मला तर रस्ताच काढून दिला होता.

आज दुपारी टीव्हीवर नागपूरच्या मारबतींची, इडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या त्या पुतळ्यांची, मिरवणूक दाखवत होते. आईचं माहेर महालातलं, लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून बघायची. आता गर्दीत जाववत नाही, म्हणून घरूनच. इतवारीत काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या, ढोल वाजायला लागले, तशी ती खुर्चीतून उठलीच. दोन्ही हात वर करून म्हणाली, “इडा पीडा घेऊन जा गे मारबत!” मग जरा थांबून, हळू आवाजात, टीव्हीकडेच बघत म्हणाली, “माया पोरीचा सांधेवात घेऊन जा गे मारबत.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. सगळ्यांनाच माझ्या दुखण्याचं काही ना काही करायचं आहे आणि मी प्रत्येकाला अर्धंच काहीतरी सांगते. आईला सांगत नाही की लिव्हरचा आकडा वाढला. डॉक्टरांना सांगत नाही की आई काय देते. वैद्य मॅडमना सांगत नाही की चिठ्ठी दाखवलीच नाही. ह्यांना तर... गडचिरोलीला बदली झाल्यापासून फोनवर पाऊस किती झाला एवढंच बोलणं होतं. दुखणं माझं, आणि ते सगळ्यांच्या मनाला लागू नये अशा बेताने मीच वाटून ठेवायचं. थकले मी. बोटं दुखतात त्याने नाही एवढी याने थकले.

सानूला सांगितलं होतं, फक्त तिला. तिने पुण्याहून काय काय वाचून पाठवलं. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांबद्दल लिहिलं होतं. कोविडच्या काळात गुळवेल घेतली आणि यकृताला इजा झाली असे सहा जण, त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होते, म्हणजे माझ्यासारखेच, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते ते. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असेल, असं त्यांचं म्हणणं. मी दोन्ही बाजू वाचल्या. कोण बरोबर ते ठरवणारी मी कोण? पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आई गुळवेल देते प्रतिकारशक्ती वाढायला. माझी प्रतिकारशक्ती कमी कुठे आहे! तीच तर माझ्या सांध्यांवर चाल करून येते. शनिवारची गोळी तिला आवरायला आणि सकाळचा पेला तिला जोर द्यायला, असं जर खरंच होत असेल तर?

सानूने आणखी एक पाठवलं होतं. कोइंबतूरला याच आजाराच्या 43 जणांवर छत्तीस आठवडे अभ्यास झाला, 2011 मध्ये छापून आला. काहींना मेथोट्रेक्सेट, काहींना आयुर्वेदिक औषध, काहींना दोन्ही. तिन्ही गटांना साधारण सारखाच फायदा. माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावरून फार काही ठरत नाही, हेही त्यातच लिहिलेलं. मला मात्र फायद्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा हेवा वाटला. तिथल्या प्रत्येक माणसाच्या पोटात काय जातं आहे ते कुठेतरी कागदावर होतं. दोन्ही औषधं एकत्र घेणं म्हणजे ते. मी करते ती चोरी आहे.

आज दुपारपर्यंत माझा बेत ठरला होता. गुळवेल गुपचूप बंद करायची, काहीतरी कारण सांगून. चार आठवड्यांनी आकडा खाली येईल. विषय मिटला.

लिहायला बसल्यावर लक्षात आलं, तो मिटत नाही, उलट पक्का होतो. आकडा खाली आला की डॉक्टर म्हणतील, बघा, गोळी कमी केली आणि उतरला. ही बाई 15 सहन करू शकत नाही, असं फाइलमध्ये कायमचं लिहिलं जाईल. उद्या सांधे बिघडले तरी ते वाढवायला कचरतील, किंवा दुसऱ्या महाग इंजेक्शनांकडे जातील. आणि हे सगळं एका शब्दावर उभं असेल. कदाचित गोळीनेच आकडा वाढला असेल. कदाचित वेलीने. कदाचित दोघींनी मिळून. पण खरं कळायचा जो एकच रस्ता होता तो मीच बंद केला. ही गोळी हळू चढते आणि उतरतेही हळूच, आठवडाभरात फरक दिसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी बुधवारी फळ्यावर लिहिताना मधलं बोट ठणकलं आणि छातीत धस्स झालं.

म्हणून आत्ता वहीचं पान फाडून लिहायला घेतलं. सिंहनाद गुग्गुळ, दोन गोळ्या, दोनदा. सुंठीचा काढा, सकाळी. दुखलं की घेते ती वेदनाशामक गोळी, महिन्यातून पाच-सहा वेळा. तीही कधी सांगितली नव्हती. वैद्य मॅडमची चिठ्ठी पर्समधून काढून पानाला टाचली. घड्यांवर ती फाटायला आली आहे. खाली लिहिलं, ‘मागच्या वेळी मी नाही म्हटलं ते खरं नव्हतं.’ हे वाक्य लिहायला वरच्या सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला. चार आठवडे थांबायचं नाही, सोमवारी फोन करून या गुरुवारचा नंबर लावायचा.

गुळवेल लिहायची राहिली होती तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली.

“काय लिहून राहिली एवढ्या रात्री?”

सांगितलं. 96 पण सांगितलं. ती माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली. मला वाटलं रडेल. तिने तांब्याकडे बघितलं, उद्यासाठीचं भिजत घातलेलं होतं.

“काहून नाही सांगितलं त्यायले? मी काय जहर पाजून राहिली का तुले?”

“म्हणूनच नाही सांगितलं, आई.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मंग उद्या देऊ का नको?”

“गुरुवारपर्यंत नको. त्यांना विचारू, मॅडमनाही विचारू. मग बघू.”

तिने तांब्या उचलला, मोरीकडे नेला, आणि ओतण्याआधी मागे वळली. “लिहिलं का गुळवेल?”

“लिहिते.”

“कडुनिंबावरची होती, हे पण लिही. कोण्याही झाडावरची नोहती.”

मी लिहिलं. ‘गुळवेल, काटोलच्या शेतातली, कडुनिंबावरची. ठेचून रात्रभर भिजवून, अर्धा पेला, जूनपासून रोज.’ तिला वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि माझ्यासाठी पाण्याचा पेला भरून आणला, गोळीसाठी.